तोर्तुगेरोची कनू टूर: वल्ह्यांचीच होडी घ्या, इंजिनाची नको

तोर्तुगेरोला जायचं ठरवत असाल तर आधीच सांगते, तिथे मिळणाऱ्या टूर्समधली कनूची, म्हणजे वल्ह्यांच्या होडीची टूर घ्या, सकाळी सहाची घ्या आणि चांगल्या गाईडबरोबर घ्या. या तीन गोष्टी जुळल्या तर जन्मभर लक्षात राहील असं काहीतरी बघून याल, आणि यातली एक जरी हुकली तरी "हो, जंगल होतं, हिरवंगार होतं, चार माकडं दिसली" एवढंच पदरात पडेल. इतक्या ठामपणे म्हणतेय कारण आम्ही तिथे इंजिनाच्या बोटीतूनही फिरलो आणि वल्ह्यांच्या होडीतूनही, नदी तीच, जंगल तेच, तरी दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक होता.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तोर्तुगेरो कोस्टा रिकाच्या ईशान्येला, लिमोन प्रांतात, कॅरिबियन समुद्राच्या काठावर आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी आणि कालवे, मधे जमिनीची अरुंद पट्टी आणि त्या पट्टीवर गाव. गावापर्यंत रस्ताच नाही. सान होसेवरून बसनं कारियारी, तिथून दुसऱ्या बसनं ला पावोनाचा धक्का आणि तिथून पुढे बोटीनं साधारण तासभर, नदीला पाणी कमी असेल तर जास्तच. स्वतःची गाडी असेल तर ती ला पावोनाच्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि बोटीत बसायचं. वाचायला कटकटीचं वाटतं पण प्रत्यक्षात काही अवघड नाहीये, सगळे त्याच दिशेनं चाललेले असतात, फक्त सकाळी लवकर निघा म्हणजे बस आणि बोटीची वेळ जुळते.

आता टूरबद्दल. आम्ही गावातल्याच एका छोट्या ऑफिसमधून बुक केली, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण एक-दोन गोष्टी खटकल्या त्या पण सांगणार आहे. माणशी ३० डॉलर, तीन तास. पण पैसे देऊन झाल्यावर कळलं की नॅशनल पार्कचं तिकीट यात धरलेलं नाही, ते वेगळं, परदेशी माणसाला १५ डॉलर अधिक कर म्हणजे १७ च्या आसपास पडतं. मला तिकिटाच्या पैशाचं काही वाटलं नाही, ते पार्कच्या कामाला जातात, उलट आनंदानं द्यावेत, पण दर विचारल्यावर फक्त ३० म्हणून सांगायचं आणि उरलेलं नंतर काढायचं हे मला बिलकूल पटलेलं नाही, कारण चार जणांचं कुटुंब असेल तर हा फरक चांगलाच मोठा होतो. त्यामुळे बुक करतानाच स्पष्ट विचारा, पार्कचं तिकीट धरून किती. आणि दुसरं विचारा की होडीत किती लोक. आम्हाला सहा सांगितले होते, निघताना आठ निघाले. आठ जणांची होडी चालते, बुडत वगैरे नाही, पण शेवटच्या बाकावरच्या माणसाला गाईडचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू येत नाही आणि इथे सगळं हळू आवाजातच बोलायचं असतं. चार-पाच जण असतील तर सगळ्यात उत्तम, थोडे जास्त पैसे देऊन प्रायव्हेट मिळत असेल तर तेही करा, माझ्या मते तिथे इतर कशावरही खर्च करण्यापेक्षा यावर करावा.

सहालाच का, तर पार्क उघडतोच सहाला. गेटजवळच्या धक्क्यावर नोंदणी होते, सगळ्या होड्या तिथे थांबतात आणि मग आत सोडतात. पहिला तासभर पक्षी आणि माकडं सगळी जागी, खाण्याच्या मागे असतात, ऊन चढलं की निम्मं जंगल गुडूप होतं. आणि अजून एक कारण म्हणजे लॉजवाल्यांच्या मोठ्या बोटी थोड्या उशिरा येतात, नाश्ता करून. त्यांच्या आधी आत शिरलात तर पहिला तास कालवे जवळजवळ तुमचेच.

मुख्य नदी रियो तोर्तुगेरो चांगली रुंद आहे, तिच्यातून आत जायचं आणि मग तिला फुटलेल्या फांद्या, कान्यो चिकेरो, कान्यो मोरा, कान्यो हॅरल्ड. यातला हॅरल्ड माणसानं खोदलेला आहे. पूर्वी इथे लाकूडतोड जोरात चालायची आणि ओंडके पाण्यावरून वाहून न्यायला त्या लोकांनी कालवे काढले, त्यातलेच काही आज टूरचे रस्ते झालेत. मोरा सगळ्यात अरुंद, जेमतेम दहा-एक मीटर, दोन्हीकडची झाडं वरून एकमेकांत गुंतलेली, आणि तिथे पेट्रोलच्या इंजिनाला मनाई आहे. म्हणजे जंगलाचा जो सगळ्यात दाट आणि सुंदर भाग आहे तिथे जायचं असेल तर वल्ही हवीत, नाहीतर आवाज न करणारी इलेक्ट्रिक मोटर. वल्ह्यांच्या टूरचा अर्धा फायदा इथेच झाला.

पाणी कोऱ्या चहासारखं, गडद तपकिरी. घाण नाहीये ते, पानं आणि फांद्या कुजून त्यातलं टॅनिन उतरतं म्हणून तसा रंग येतो. वारा नसेल तर त्यात वरचं जंगल जसंच्या तसं दिसतं, फोटोत कुठून कापायचं कळत नाही.

होडी फायबरची, लांबट, आडवी बाकं, मागे गाईड बसतो आणि दिशा तोच सांभाळतो, आपल्याला प्रत्येकाला एक वल्हं देतात. वल्हवणं येत नसलं तरी काही अडत नाही, गाईड पाच मिनिटांत शिकवतो आणि पाणी संथ असतं. खरं तर अर्धा वेळ तो "वल्ही वर" एवढंच सांगतो आणि होडी आपोआप सरकू देतो. आमच्याबरोबर आई होती, सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, तिला वल्हं घेऊ नका म्हणाला आणि मधल्या बाकावर बसवलं. बाक बुटके आहेत, पाय लांब सोडायला जागा नाही, धक्क्यावरून होडीत उतरताना होडी हलते, तर ज्यांना वाकायला किंवा पाय मुडपून बसायला खरंच त्रास होतो त्यांनी इलेक्ट्रिक मोटरची बोट घ्यावी, ती पण चांगली आहे, बसायला ऐसपैस असते आणि इंजिनाची घरघर नसते. आईनं तीन तास काढले पण शेवटच्या अर्ध्या तासात तिला अवघडलं होतं. आणि मधे कुठेही उतरायची, बाथरूमची सोय नाही, हे लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर आधीच लक्षात घ्या. लाईफ जॅकेट सगळ्यांना दिली होती, ओलसर होती, पण घालाच.

आता गाईडबद्दल लिहिते, कारण माझ्या मते सगळी टूर म्हणजे गाईडच आहे. आमचा गाईड तिथलाच, त्याच गावात वाढलेला. पहिली दहा मिनिटं त्यानं काही दाखवलंच नाही, फक्त ऐका म्हणाला. मग एकेक आवाज वेगळा करून सांगायला लागला, हा टूकन पक्षी, हा खंड्या, हे बेडूक, आणि थोड्या वेळानं आम्हालाही ते आवाज सुटे सुटे ऐकू यायला लागले. आदल्या दिवशी दुपारी इंजिनाच्या बोटीत हे होणं शक्यच नव्हतं, तिथे गाईड ओरडून बोलत होता कारण त्याशिवाय ऐकूच गेलं नसतं, आणि तो "डावीकडे बगळा" म्हणेपर्यंत बगळा मागे पडलेला असायचा.

एक प्रसंग नीट सांगते. मोराच्या सुरुवातीला पाण्यावर वाकलेलं एक जाड खोड होतं. गाईडनं होडी थांबवली आणि नुसता त्या खोडाकडे हात केला. आम्ही सगळे बघतोय, खोड आहे, त्यावर करडी बुरशी आहे, बाकी काही नाही. तो म्हणाला, बुरशीचे ठिपके मोजा, सारख्या अंतरावर कसे काय? आणि मग एकदम दिसलं की ते ठिपके म्हणजे वटवाघळं आहेत! इवलीशी, अंगठ्याहून थोडी मोठी, एकाखाली एक अशी सरळ ओळीत खोडाला चिकटलेली, दोघांमधे बरोबर तेवढंच अंतर, करड्या पाठीवर दोन नागमोडी फिकट रेघा, लांबुडकं नाक. ही जात दिवसा अशी उघड्यावर, पाण्यालगतच्या खोडावरच झोपते आणि संध्याकाळी पाण्यावरचे किडे खाते. एक हललं की सगळी ओळ उडते म्हणून गाईडनं होडी तीन-चार मीटरवरच ठेवली, वल्हं पाण्यात उभं धरून, आणि आम्ही बराच वेळ तिथे होतो. तेवढ्यात मागून इलेक्ट्रिक बोटीतलं एक कुटुंब आलं, त्यांच्या गाईडनं पण दाखवलं, लहान मुलीला आमच्यापेक्षा लवकर दिसलं. स्वतःहून गेलो असतो तर त्या खोडाजवळून आम्ही गप्पा मारत निघून गेलो असतो याची मला शंभर टक्के खात्री आहे. गावात कयाक भाड्यानं मिळतात, तरुण मंडळी पैसे वाचवायला तसं करतात, पण निदान पहिल्यांदा तरी नका करू.

पक्ष्यांची आवड असणाऱ्यांना तर तिथून हलावंसंच वाटणार नाही. तिरंदाज पक्षी जागोजागी पंख पसरून बसलेला असतो, त्याची पिसं पाणी धरतात म्हणून पाण्याखाली मासे मारायला सोपं जातं पण वर आल्यावर वाळवत बसावं लागतं. कमळपक्षी पानांवरून लांब बोटं टाकत फिरतो. टायगर हेरॉन नावाचा बगळा इतका स्थिर उभा की फोटोत तो पुतळा वाटतो. पण मला सगळ्यात आवडला तो बोटबिल्ड हेरॉन, होडीच्या आकाराची रुंद चोच आणि मोठे काळेभोर डोळे, रात्री शिकार करतो आणि दिवसा काठावरच्या दाट झुडपात दडून बसतो. गाईडनं फांद्यांतली एक फट दाखवली आणि त्या फटीतून तो एक डोळा सरळ आमच्याकडे बघत होता. आणि सनग्रीब नावाचा छोटासा पक्षी काठाच्या सावलीतून पोहत गेला, साधाच दिसतो, मानेवर काळेपांढरे पट्टे, पण गाईडनं सांगितलं की याच्या नराच्या पंखांखाली कातडीच्या खोबणी असतात आणि तो पिल्लांना त्यात ठेवून पोहतो, उडतोसुद्धा. पक्ष्यांमधे असं दुसरं कोणी करत नाही. आम्ही अवाक झालो, माझ्या नवऱ्यानं तर परत येऊन ते वाचून खात्री करून घेतली, आणि ते खरंच आहे.

हिरवे बॅसिलिस्क सरडे भरपूर दिसतात, डोक्यावर आणि पाठीवर तुरा, रंग असा की पानात हरवतो. पाण्यावरून पळतात ते हेच. मागच्या पायांच्या बोटांना झालरी असतात, त्या पाण्यावर आपटून पाय बुडायच्या आत पुढचं पाऊल टाकतात, आणि पिल्लं हलकी असल्यामुळे मोठ्यांपेक्षा जास्त लांब जातात. लोकांना ते पळताना बघायचंच असतं, आमच्या होडीतल्या एकानं विचारलं, त्याला जरा घाबरवू का, पाणी उडवू का? गाईड शांतपणे नाही म्हणाला. तो आत्ता ऊन घेतोय, अंग तापलं नाही तर त्याला दिवसभर पळताच येणार नाही, आणि तुमच्या मागे अजून वीस होड्या आहेत, प्रत्येकानं एकदा घाबरवलं तर त्यानं जगायचं कसं. एवढंच बोलला, चिडला नाही, पुढे निघाला. मला त्या माणसाबद्दल जो आदर वाटला ना, तो या रिव्ह्यूमधे लिहिलाच पाहिजे.

कारण दुसरीकडे काय चालतं तेही बघितलं. वाटेत एका झाडावर तीन बोटांचा स्लॉथ, म्हणजे झाडावरच राहणारा तो अतिशय संथ प्राणी, होता, पाण्यापासून फार उंच नाही, पाठीवर शेवाळाची हिरवट झाक अगदी स्वच्छ दिसत होती. आम्ही पोचलो तेव्हा तिथे इंजिनाच्या तीन बोटी आधीच काठाला लागलेल्या, एकीचं नाक तर सरळ फांद्यांत घुसवलेलं, लोक उभे राहून फोन वर करतायत, कोणीतरी शिट्ट्या वाजवतंय म्हणजे तो मान वळवेल. आता या स्लॉथला मानेचे मणके जास्त असतात म्हणून तो मान जवळजवळ सगळीकडे फिरवू शकतो हे खरंय, पण शिट्टी वाजवून नाही हो. आमच्या गाईडनं होडी समोरच्या काठाला नेली, आणि सांगितलं की ते गेले की बघू. गेले ते पाच मिनिटांत. मग आम्ही लांबूनच दुर्बिणीतून बघितलं, तो एक पान तोडून चावत होता, इतकं हळू की बघता बघता आपलाच श्वास हळू होतो. कोस्टा रिकामधे जंगली प्राण्यांना खायला घालायला बंदी आहे, आणि २०१९ मधे तर सरकारनं प्राण्यांना हातात धरून किंवा चिकटून सेल्फी काढू नका म्हणून मोहीमच काढली होती. नियम आहेत, पण पाळायला लावणारा शेवटी होडीतला गाईडच असतो. म्हणून बुकिंगच्या वेळी पैशाच्या आधी हे विचारा की तुम्ही प्राण्यांपासून किती लांब थांबता. जो "अगदी जवळ नेतो, काळजी करू नका" असं म्हणेल त्याच्याकडे नका जाऊ, प्लीज.

इंजिनामुळे नुसता आवाज होतो असंही नाही. बोटीच्या लाटा अरुंद कालव्यात काठावर आपटतात आणि माती धुऊन नेतात, आणि तिथे मॅनटी म्हणजे समुद्रगाय राहते, तिला पंख्याची पाती लागून जखमा होतात. मॅनटी दिसेल अशी आशा ठेवू नका, फार लाजरी आहे आणि त्या गडद पाण्यात ती होडीखालून गेली तरी कळणार नाही. जग्वारचंही तेच. जंगलात आहेत, किनाऱ्यावर येऊन कासवंसुद्धा मारतात, पण टूरमधे दिसत नाहीत. ब्रोशरवर जग्वारचा फोटो छापणाऱ्यांचं मला काही कळत नाही, लोक तेच बघायला येतात आणि मग माकडं बघूनही तोंड पाडून जातात.

माकडांच्या तीन जाती इथे आहेत, हाऊलर, स्पायडर आणि पांढऱ्या तोंडाचं कॅपुचिन. आम्हाला हाऊलर आणि स्पायडर दिसली. हाऊलरची डरकाळी आधी ऐकलेली नसेल तर धसका बसतो, एवढ्याशा प्राण्याचा आवाज आहे यावर विश्वास बसत नाही. गळ्यातलं एक हाड पोकळ आणि मोठं झालेलं असतं त्यात आवाज घुमतो आणि दोन-तीन किलोमीटरवर सहज जातो. पहाटे साडेचारला खोलीत ऐकू आली तेव्हा आई दचकून उठून बसली होती. स्पायडर माकडं मात्र शांतपणे वरून गेली, शेपटीनं फांदी धरून, एक आई पाठीवर पिल्लू घेऊन, पिल्लाची शेपटी तिच्या शेपटीला गुंडाळलेली.

केमन दोन दिसले. हे मगरीचे छोटे भाऊबंद, दोन डोळ्यांमधे हाडाची आडवी कड असते, चष्म्याच्या दांडीसारखी दिसते, म्हणून नावातही चष्मा आहे. एक तर हातभर पिल्लू, मुळांच्या जाळीत, नाक आणि डोळे तेवढे वर. मोठ्या अमेरिकन मगरी पण आहेत तिथे. त्यामुळे पाण्यात हात घालून बसू नका, हे गाईड निघतानाच सांगतो.

झाडांबद्दल लोक विचारत नाहीत पण तुम्ही विचारा. राफिया पाम, ज्याला ते लोक योलियो म्हणतात, त्याची पानं कित्येक मीटर लांब आणि त्याच्या दलदलीत सगळा कारभार चालतो. पचिरा नावाचं झाड काठाकाठानं आहे, घराघरात कुंडीत मनी ट्री म्हणून विकतात ना, वेणी घातलेल्या खोडाचं, तेच, इथे ते चांगलं मोठं झाड असतं आणि पाण्यात पडलेली त्याची फुलं, लांब लांब केसरांची, तरंगत येतात. रात्री उमलतात, वटवाघळं येतात त्यांच्यावर. आणि अल्मेंद्रोची उंच झाडं, मोठा हिरवा मकाव पोपट त्यांच्या ढोलीत घरटं करतो आणि त्यांचीच फळं खातो, ती झाडं तुटली म्हणून तो पक्षी नामशेष व्हायच्या काठावर आला. आम्हाला एक जोडी खूप उंचावरून जाताना दिसली, आवाजच आधी आला. गाईडनं टोपी काढून बघितलं, त्यालाही आनंद झाला होता हे चेहऱ्यावर कळत होतं.

परतीच्या वाटेवर आम्ही त्याला गावाबद्दल विचारलं आणि मला वाटतं हा भाग कुठल्याच ब्रोशरमधे नसतो. त्याचे आजोबा कासवं पकडायचे. त्या काळी गावात बऱ्याच जणांचं पोट त्यावरच होतं, मांस, अंडी, सगळं विकलं जायचं. १९५० च्या दशकात आर्ची कार नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ तिथे आले, १९५५ पासून त्यांनी कासवांना खुणेचे बिल्ले लावायला सुरुवात केली आणि ते काम आजही चालू आहे, १९५९ मधे त्यातूनच संस्था उभी राहिली जिला आता सी टर्टल कॉन्झर्व्हन्सी म्हणतात, गावाच्या उत्तर टोकाला त्यांचं छोटं म्युझियम आहे, नक्की बघा. १९७५ मधे कायद्यानं नॅशनल पार्क झाला. अटलांटिकच्या या बाजूला हिरव्या कासवांची अंडी घालायची सगळ्यात मोठी जागा ती हीच. आणि आजोबा जे पकडायचे त्यावर नाही तर ते जिवंत दाखवण्यावर नातवाचं घर चालतं. तुम्ही दिलेले ३० डॉलर कुठे जातात हे इतकं सरळ दिसतं अशा जागा जगात फार नाहीत, म्हणून लांबच्या शहरातल्या एजंटकडून पॅकेज न घेता गावातल्या गाईडकडूनच घ्या असं माझं कळकळीचं सांगणं आहे. टिप वेगळी द्या, माणशी पाच डॉलर तरी, काम चांगलं असेल तर जास्त. डॉलर चालतात, कोलोनेस म्हणजे तिथलं चलन पण चालतं, सुटे जवळ ठेवा.

पावसाबद्दल. वर्षाला ६००० मिलिमीटरपर्यंत पडतो, म्हणजे कोरडा सिझन असं काही नाही. त्यातल्या त्यात फेब्रुवारी ते एप्रिल आणि मग सप्टेंबर, ऑक्टोबर बरे. बरेच जण गोंधळतात कारण पॅसिफिक बाजूला सप्टेंबर ऑक्टोबरमधे धुवाधार असतो, कॅरिबियन बाजूला उलटं. हिरवी कासवं जुलै ते ऑक्टोबर अंडी घालायला येतात, त्यामुळे दोन्ही जमवायचं असेल तर सप्टेंबर बघा. आम्हाला टूरमधे अर्धा तास झोडपून काढलं. ऑफिसनं दिलेले पाँचो पातळ प्लॅस्टिकचे, पहिल्याच ओढीत आईचा फाटला, हे त्यांनी सुधारायलाच हवं, एवढ्या पावसाच्या गावात धंदा करता तर धड पाँचो ठेवा. स्वतःचा चांगला रेनकोट न्या. फोन आणि कॅमेऱ्याला पाणी न शिरणारी, वर गुंडाळून बंद करायची पिशवी न्या. पण पावसात थांबलोय म्हणून कोणी कुरकुर केली नाही, मोराच्या झाडांखाली होडी लावली आणि पाऊस कालव्यावरून चालत येताना दिसला, आवाज आधी, मग पाणी. पाऊस थांबल्या थांबल्या सगळे प्राणी अंग वाळवायला बाहेर येतात आणि त्या पंधरा मिनिटांत जेवढं दिसलं तेवढं आधीच्या तासात दिसलं नव्हतं, टूकनसुद्धा तेव्हाच दिसले. तेव्हा पावसामुळे टूर रद्द करू नका, वीज कडकडत असेल तर गोष्ट वेगळी.

दुर्बीण न्या, शक्यतो प्रत्येकी एक. आठ पटवाली पुरते, दहा पटीची होडीत हलते आणि डोकं दुखतं. गाईडकडे एकच होती आणि ती आठ जणांत फिरेपर्यंत पक्षी उडून जायचा, ही माझी अजून एक तक्रार, ३० डॉलर घेता तर होडीत निदान दोन-तीन ठेवा. फोटोवाल्यांना एक सांगते, मोठी लेन्स न्या पण स्टँड नेऊ नका, हलत्या होडीत काही उपयोग नाही, आणि झाडांखाली उजेड फार कमी असतो. फ्लॅश तर वापरायचाच नाही. डासांचा मला त्रास झाला नाही, पाण्यावर कमी होते, धक्क्यावर जास्त, तरी क्रीम लावूनच जा आणि लांब बाह्यांचं काहीतरी घाला, ऊन आलं की चटके बसतात.

कोणी जाऊ नये? ज्यांना तीन तास बोलल्याशिवाय राहवत नाही त्यांनी, खरंच. आमच्या होडीत दोघं होते, सतत आदल्या रात्रीच्या जेवणाबद्दल चालू, गाईडनं दोनदा ओठांवर बोट ठेवलं. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, त्यांचा दोष नाही, एवढा वेळ एका जागी बसणं त्यांना शक्यच नाही. सात-आठ वर्षांपासूनची मुलं मात्र मोठ्यांपेक्षा चांगली असतात, त्यांना सगळं आधी दिसतं.

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा गेला तो ऑफिसच्या कारभारामुळे, तिकीट, माणसांची संख्या, पाँचो आणि दुर्बिणी. गाईडला मात्र पाचच्या पाच.

आणि रात्रीची कासवांची टूर करणार असाल तर ती वेगळी बुक करावी लागते, फक्त परवाना असलेल्या गाईडबरोबरच किनाऱ्यावर सोडतात, कॅमेरा आणि फोन अजिबात चालत नाही, गडद रंगाचे कपडे घालावे लागतात. आठ ते दहा आणि दहा ते बारा अशा दोन वेळा असतात. त्याच दिवशी पहाटेची कनू टूर ठेवलीत तर संध्याकाळी झोप अनावर होते, म्हणून एक रात्र जास्तीची धरा आणि कासवं आदल्या रात्री न ठेवता कनूच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. समुद्रात पोहायचा बेत मात्र तिथे करू नका, प्रवाह जोराचे आहेत आणि शार्क पण आहेत, गावातले लोकसुद्धा तिथे पाण्यात उतरत नाहीत.